रात्रीचं शून्य

“आणि हे सगळं तुला आजच काढायचं होतं,” सर म्हणाले. “उद्या समिती बसायची आणि आज आमच्याकडे शून्यावरून वाद.”

“आज नाही काढलं. महिनाभर सांगतेय. तुम्ही दर वेळी ‘बघू’ म्हणता आणि पेपर उघडता.”

“मग बघतोच आहे ना.”

“पेपर बघताय.”

भांडण स्वयंपाकघरात चाललं होतं. त्या घरातली सगळी भांडणं तिथेच व्हायची, कारण बाहेरच्या खोलीत सरांची मानचिन्हं मांडलेली होती आणि त्यांच्यासमोर आवाज चढवलेला सरांना आवडत नसे. ती ओट्याशी उभी होती, हातात सुरी, पुढ्यात अर्धा चिरलेला कोबी. सर टेबलाशी, चष्मा कपाळावर चढवून. मधल्या दारात सासूबाई स्टूल टाकून बसल्या होत्या. त्या नळाची वाट बघत होत्या, आणि वाट बघता बघता भांडण आयतं ऐकायला मिळत होतं.

सर म्हणजे तिचा नवरा. लग्नाआधी ते तिचे मार्गदर्शक होते. तेव्हा तोंडात बसलेला ‘सर’ लग्नानंतरही सुटला नाही. “नवऱ्याला सर म्हणणारी सून आमच्याकडेच,” असं सासूबाई सुरुवातीला आल्यागेल्याला हसून सांगायच्या. पुढे तो शब्द घरभर झाला. दूधवाला सर म्हणायचा, इस्त्रीवाला सर म्हणायचा, मुलगीसुद्धा लाडात आली की सर म्हणायची. तिला मात्र नातेवाईक ‘झाडवाली’ म्हणत. हेतू वाईट नसायचा. “झाडवालीला विचारा, आमच्या गुलाबाला कीड का लागते,” अशा थाटात. गुलाबाच्या किडीतलं आपल्याला काही कळत नाही, हे सांगून सांगून ती थकली होती.

तिचं काम निराळं होतं. जंगल किती पाणी पितं, त्यातलं किती हवेत सोडतं, किती खाली झऱ्यांना जाऊ देतं, आणि हे करता करता हवेतला कार्बन किती लाकडात कोंडून ठेवतं, हे ती मोजायची. ऐकायला हे भव्य वाटतं. प्रत्यक्षात ते चिखलाचे बूट, गंजलेले नट आणि जळवांचं काम होतं. बूट घरात आणायचे नाहीत, असा सासूबाईंचा दंडक होता, म्हणून ते जिन्यात असायचे, आणि शेजारीण त्यांच्याकडे बघून दर वेळी नाकाला पदर लावायची.

मोजायची रीत साधी होती. झाडाच्या खोडात दोन बारीक सुया रोवायच्या, एक वर, एक खाली. वरची सुई विजेने तापवायची. खोडातून पाणी वर चढायला लागलं की तापलेली सुई निवते. जितकी जास्त निवेल तितकं झाड जास्त पितंय. पण निवली म्हणजे कशाच्या मानाने निवली? झाड मुळीच पीत नसताना सुई किती तापते, ते आधी ठाऊक हवं. तेच शून्य. आणि या धंद्यातल्या सगळ्यांनी ते शून्य रात्रीवर सोडलं होतं. रात्री पानांची छिद्रं मिटतात, झाड प्यायचं थांबतं, तेव्हा रात्रीची सुई म्हणजे शून्य. सरांनी तिला हेच शिकवलं, सरांना त्यांच्या सरांनी शिकवलं होतं.

ती विद्यार्थिनी असताना तिने विचारलं होतं, “सर, झाडं रात्री पाणी पीत नाहीत, हे कुणी पाहिलंय?”

सर म्हणाले होते, “अगं बाई, झाडं झोपतात. तूही झोप.”

वर्गात हशा पिकला. तिथे ते संपायला हवं होतं. पण सरांना तो विनोद इतका आवडला की त्यांनी तो आयुष्यभर जपून वापरला. लग्नाच्या जेवणात सांगितला, परदेशातल्या व्याख्यानात सांगितला, निवृत्तीच्या समारंभात तर सांगितलाच. “माझ्या पत्नीला मी पहिल्यांदा काय म्हणालो असेन?” अशी सुरुवात करायचे आणि समोरचे लोक आधीच हसायच्या तयारीला लागायचे. ती पहिल्या रांगेत बसून हसायची. न हसून करते काय. सरांचा हात तेव्हा तिच्या दिशेने झालेला असायचा आणि सगळ्या माना वळलेल्या असायच्या.

त्या शून्यावरच सरांचं नाव झालं. उघड्या गवताळ टेकडीवर झपाट्याने वाढणारी झाडं लावली तर ती गवताहून जास्त पाणी पीत नाहीत, असा त्यांचा निबंध होता. निबंधावर दोन नावं होती, पहिलं त्यांचं, दुसरं तिचं. पण लोक त्याला ‘सरांचा निबंध’ म्हणत. ‘पाण्याला धक्का न लावता कार्बन’ ही ओळ त्यातलीच. ती ओळ पुढे पत्रकांवर आली, भिंतींवर आली, एका कंपनीच्या कॅलेंडरवर आली. गावाच्या पूर्वेची टेकडी त्या ओळीच्या जोरावर झाडांनी भरली. तिच्या पायथ्याचा ओढा काही वर्षांत उन्हाळ्याचा आटायला लागला. सर म्हणाले, पाऊस कमी झालाय. पर्जन्यमापक म्हणत होता, तितका कमी झालेला नाही. सर म्हणाले, मग उपसा वाढलाय.

आता पश्चिमेच्या डोंगराची पाळी होती. तो अख्खा गवताळ, घळीघळींतून जुनं दाट रान, आणि गावाची वरची टाकी भरणारा ओढा तिथून येतो. त्याच कंपनीला तिथे झाडं लावून हवेतला कार्बन कोंडल्याचे दाखले कारखान्यांना विकायचे होते. परवानगी द्यायची की नाही, ते ठरवायला उद्या समिती बसणार होती, आणि समितीपुढे सर बोलणार होते. शेजारच्या खुर्चीवर ती. दोघांच्या नावाच्या पाट्याही तयार होत्या.

“मी तुमच्याकडे मागतेय तरी काय,” ती म्हणाली. सुरी तिने खाली ठेवली, कारण कोबी भाजीपेक्षा बारीक व्हायला लागला होता. “तुम्हीच सांगा उद्या. तुमच्या तोंडाने. शून्य चुकलं होतं, आकडा बदलतोय, थांबा. लोक तुम्हाला उचलून धरतील. म्हणतील, बघा, माणूस किती मोठा.”

“म्हणतील, म्हाताऱ्याला उशिरा जाग आली.”

“आलीच आहे उशिरा.”

“लागला जिभेचा पट्टा सुरू व्हायला,” सासूबाई दारातून म्हणाल्या.

“आई, तुम्ही नळाकडे लक्ष द्या.”

“नळ आला की ओरडतो. तुझ्यासारखाच.”

सरांनी चष्मा खाली घेतला. वर्गात कुणाची उत्तरपत्रिका हातात घेताना करत, तसा चेहरा केला. “तुझा सगळा डोलारा त्या कापलेल्या झाडांवर. बरोबर?”

“डोलारा नाही. मोजमाप.”

पूर्वेच्या टेकडीवर रस्ता रुंद करायला कडेची झाडं तोडायची होती. तिने ठेकेदाराच्या हातापाया पडून तिच्या सुया असलेली झाडं शेवटी ठेवायला लावली आणि सुया तशाच खोडात ठेवून, तारा न काढता, ती कापायला लावली. करवतवाला म्हणाला, “मॅडम, मेलेल्या झाडाची नाडी कशाला बघताय?” भर दुपार होती. करवत आरपार गेली, मुळाशी नातं तुटलं, वर जाणारं पाणी थांबलं. आणि यंत्राच्या पडद्यावरची सुईच्या तापाची रेघ चढली. रात्रीच्या शून्यापर्यंत आली, तिथे थांबली नाही, वर गेली, बरीच वर जाऊन मग सपाट झाली. ते खरं शून्य. याचा अर्थ रात्रीचं शून्य हे शून्य नव्हतंच. कोरडा वारा सुटलेल्या रात्री ही झाडं बिनदिक्कत पीत होती, आणि रात्रीचं पिणं शून्य धरल्यामुळे दिवसाच्या आकड्यातूनही तेवढं वजा होत होतं. रोजच्या रोज, टेकडीवरच्या झाडन् झाडाचं. ती पुढच्या झाडाकडे गेली. तिथेही तेच. शेवटचं कापेपर्यंत तेच. पुन्हा हिशेब मांडल्यावर निघालं की गवत जिथे एक घागर पितं, तिथे ही झाडं दीड पितात. कार्बनचा आकडा बरोबर होता. पाण्याचा साफ खोटा होता.

त्या दुपारी ती ओंडक्यावर बसून राहिली होती. आनंद झाला असं कुणाला वाटेल. तिला तो सगळा हशा आठवत होता.

“कापताना धक्का बसतो,” सर म्हणाले. “सुई हलते. तारा ताणतात.”

“सगळ्या झाडांच्या सुया एकाच दिशेला हलल्या? तेवढ्याच?”

“पद्धतीचा दोष म्हणतात त्याला.”

“मग तुमची सुई हलली नाही ती कुठल्या पुण्याईने?”

जिन्यात पावलं वाजली आणि मुलगी आत आली, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, रविवार असूनही. ती त्याच कंपनीत कामाला होती, कोणत्या टेकडीने किती कार्बन धरला याचा हिशेब ठेवायची. सरांच्या शब्दावर लागली होती, पण स्वतःच्या हुशारीवर टिकली होती, हे आईलाही मान्य होतं. तिने तिघांच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली आणि ओट्यावरचा कोबीचा ढीग पाहिला.

“किती माणसं जेवायला आहेत?”

“बस,” आई म्हणाली. “तुझ्या वडिलांना सांग.”

“आई, मी वाचलं तू पाठवलेलं. मला ते खरं वाटतं.”

सरांनी मान वर केली.

“खरं वाटतं, बाबा. पण आई, वेळ बघ ना. उद्या नको. परवानगी होऊ दे, लागवड सुरू होऊ दे, पुढच्या वर्षीच्या फेरतपासणीत आकडा दुरुस्त करू. सगळे करतात. त्यासाठी वेगळा रकाना असतो.”

“आणि ओढा? त्याला सांगायचं का, वर्षभर थांब, रकाना भरतोय?”

“तसं नाही म्हणत मी.”

“तसंच म्हणतेस. गोड आवाजात म्हणतेस म्हणून तुला ते ऐकू येत नाही.”

ओळखपत्र काढून मुलीने टेबलावर ठेवलं, मग पुन्हा उचलून पिशवीत टाकलं.

तेवढ्यात मोरीतल्या नळाने खाकरल्यासारखा आवाज काढला, हवा सोडली आणि पाणी यायला लागलं. सासूबाई उठल्या. या घराला दिवसाआड पाणी यायचं, तासाभरासाठी, कधी त्याहून कमी. भांडण कितीही रंगात आलेलं असो, पाणी आलं की सगळे उठत. पिंप, मग झाकणाच्या बादल्या, मग पातेली, हा क्रम सासूबाईंचा होता आणि त्यात बदल चालत नसे. नळाखाली मुलगी बसली, भरलेल्या बादल्या तिची आई उचलायला लागली, सर नेहमीसारखे बादलीला वाट देऊन भिंतीशी उभे राहिले.

“पूर्वी रोज यायचं,” सासूबाई म्हणाल्या. “दोन्ही वेळा. मेल्यांनी कुठे घातलं पाणी कुणास ठाऊक.”

ती बादली घेऊन मधेच थांबली. सरांकडे बघितलं. सर छताकडे बघत होते.

“सांगा ना आईंना,” ती म्हणाली. “कुठे घातलं ते.”

“उगाच इथलं तिथे जोडू नकोस. खालची टाकी जुनी आहे. गळते.”

“खालच्या टाकीला पूर्वेचा ओढा येतो. यायचा.”

“ठीक आहे,” सर म्हणाले. आवाज मऊ झाला होता. तडजोडीला आले की त्यांचा आवाज असाच व्हायचा. घराचा रंग ठरवताना, तिची बढती एका वर्षाने पुढे ढकलताना, तिने फील्डची नोकरी सोडून त्यांच्याच संस्थेत यावं असं सुचवताना. “ठीक आहे. अहवालात तळटीप टाकू. रात्रीच्या प्रवाहाबाबत अधिक अभ्यास आवश्यक. तुझ्या नावाने टाकू, हवं तर.”

“तळटीप.”

“त्याहून जास्त आत्ता शक्य नाही.”

“दीडपट पाणी, आणि तळटीप.”

“तू समजतेस तितकं हे नवीन नाही,” सर म्हणाले. आता त्यांनाही राग आला होता, आणि रागात माणूस स्वतःची हुशारी राखायला जातो, तसं त्यांचं झालं. “मला काय हे ठाऊक नव्हतं? कापलेलं झाड मीही पाहिलंय.”

नळाचं पाणी बादलीत पडत होतं. मुलीने नळ हाताने बारीक केला.

“कधी?” मुलीच्या आईने विचारलं.

सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

“कधी पाहिलंत?”

“तू बाळंतपणाला गेली होतीस तेव्हा. वाऱ्याने एक झाड आडवं झालं होतं, मुळं वर आली होती. सुया होत्या त्यात. रेघ वर गेलेली दिसली.”

“मग?”

“मग काय. वाटलं, सुई बिघडली.”

“वाटलं?”

“धरलं,” सर म्हणाले. “सुई बिघडली असं धरलं. एका झाडावरून काय ठरतं? निबंध छापायला गेला होता. तू इथे नव्हतीस, पोर लहान, तुला कशाला त्रास.”

“निबंधावर माझं नाव होतं.”

“दुसरं नाव.”

हे ते सहज म्हणाले, खुलासा केल्यासारखं, आणि म्हटल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

ती बादली खाली ठेवून ओट्याशी आली. हात ओले होते, ते तिने कुठेच पुसले नाहीत. मुलगी मोरीत उकिडवी बसलेली होती आणि आपल्या जन्माच्या वेळी आडवं झालेलं ते झाड कुठे ठेवावं, असा तिचा चेहरा झाला होता. महिनाभर तिची आई ज्या माणसाला चूक समजावून सांगत होती, आलेख काढून देत होती, चहाबरोबर हिशेब ठेवत होती, त्याला चूक पहिल्यापासून पाठ होती. तो पेपराआड बसून ती किती लांब पोचते, एवढंच बघत होता.

“आणि तो विनोद?” तिने विचारलं.

“कोणता?”

“झाडं झोपतात. तूही झोप.”

“अगं, तो विनोद होता.”

“ते झाड पाहिल्यानंतरही सांगितलात. हिच्या बारशाला सांगितलात, मी हिला मांडीवर घेऊन बसले होते. निवृत्तीला सांगितलात. तुम्हाला ठाऊक होतं की मी बरोबर विचारलं होतं, आणि तुम्ही उभं राहून लोकांना हसवत होतात. माझ्याकडे हात करून.”

“लोकांना आवडायचं ते.”

“मलाही आवडत असेल, असं वाटायचं तुम्हाला?”

“तू हसायचीस.”

ओट्यावरचा सगळा कोबी गोळा करून तिने पातेल्यात टाकला, जास्त होता तरी टाकला, वर झाकण आदळलं. आजवर तिचा राग भांड्यांवर निघायचा आणि घरातले त्या आवाजाला सरावले होते. झाकण वाजलं की सर बाहेरच्या खोलीत जायचे आणि जेवणापर्यंत सगळं निवायचं. आत्ताही ते वळले. पण दारात सासूबाई उभ्या होत्या, भिजलेल्या पदराने, आणि त्यांना जाता येईना.

“तुला ठाऊक होतं?” सासूबाईंनी मुलाला विचारलं.

“आई, तुला यातलं कळायचं नाही.”

“नाही कळत. ठाऊक होतं की नव्हतं, एवढं सांग.”

“होतं. थोडंफार.”

सासूबाईंनी क्षणभर विचार केला आणि मग सुनेकडे वळल्या. “होतं तर होतं. बाप्ये चुकतात. घरात कबूल केलं ना त्याने? झालं तर मग. चार भिंतींत मिटलं. उद्या चारचौघांत नवऱ्याला तोंडघशी पाडून तुझ्या पदरात काय पडणार आहे?”

“आजी,” मुलगी म्हणाली.

“तू बादली सरकव. वाहतंय.”

“मी कबूल वगैरे केलेलं नाही,” सर म्हणाले. “मी इतकंच म्हणालो की त्या वेळी एक नोंद अशी आली होती. बाहेर हे असं कुणी बोललं, तर मी म्हणेन, असं काही झालंच नाही.”

तिने गॅस बारीक केला. तिच्या मनात आलं की सरांना अजूनही हा घरगुती प्रकार वाटतोय. बायको रुसली आहे, संध्याकाळी बोलेल. उद्या सकाळी निळी साडी नेसेल, शेजारच्या खुर्चीवर बसेल, ते सुरुवात करतील, ‘माझ्या पत्नीला मी पहिल्यांदा काय म्हणालो असेन,’ आणि सगळ्या माना वळतील. महिनाभर तिने त्यांना वाचवायचाच प्रयत्न केला होता. त्यांनी स्वतः सांगावं, त्यांची मान खाली जाऊ नये, म्हणून तिने वाक्यंसुद्धा लिहून दिली होती, त्यांच्या शैलीत, त्यांच्या आवडत्या शब्दांसह. आणि ते ती वाक्यं वाचत होते ते व्याकरण तपासायला.

नळाची धार बारीक झाली, मग तुटक, मग नुसती हवा. मुलीने पातेलं झाकून ठेवलं. सासूबाई पुन्हा स्टुलावर बसल्या. सर टेबलाशी आले, खुर्ची ओढली, आणि जणू मधला सगळा भाग वगळून टाकावा तसं म्हणाले, “जेवायला वेळ आहे का अजून?”

“आहे,” ती म्हणाली. “तेवढ्यात ऐका. तिघंही ऐका, म्हणजे मला पुन्हा सांगायला नको.”

आवाज चढलेला नव्हता. भाजीत मीठ किती घातलंय ते सांगावं, तसा होता. म्हणूनच बहुधा सरांनी पेपर उचलला नाही.

“उद्या मी तुमच्या शेजारी बसणार नाही. समितीच्या सचिवांना मी आत्ता फोन करतेय, माझी पाटी हरकती घेणाऱ्यांच्या बाजूला लावा म्हणून. कापलेल्या झाडांचे आकडे मी मांडणार. तुमच्या त्या आडव्या झालेल्या झाडाचंही सांगणार, तुमच्या नावासकट. तुम्ही नाही म्हणालात तरी सांगणार. जुना निबंध मागे घ्यावा असं मी दुसरं नाव म्हणून आज दुपारी लिहून पाठवणार आहे.” मग मुलीकडे बघून म्हणाली, “तुझ्या नोकरीचं काय होईल मला माहीत नाही. त्यासाठी मी थांबणार नाही.” आणि सासूबाईंना, “आई, सकाळी मी लवकर निघेन. चहा तुम्हाला करून ठेवीन. ह्यांचा हे करून घेतील.”